साडेसहाशे मीटर खोलीवरच्या शिंपल्यांची पिल्लं समुद्राच्या पृष्ठभागावर कशी?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखातात, साधारण ६५० मीटर खोलीवर एक तळं आहे. समुद्राच्या तळाशी असलेलं तळं. त्यातलं पाणी भोवतालच्या समुद्राच्या जवळपास चौपट खारं आहे. त्यामुळे ते इतकं जड झालंय की वरच्या पाण्यात सहजी मिसळत नाही. खड्ड्यात साचून राहतं आणि त्याला चक्क काठ असतो. अमेरिकी नौदलाच्या एनआर-१ या पाणबुडीवरून त्याला ब्राइन पूल एनआर-१ असं नाव पडलं. या तळ्याच्या काठाकाठाने शिंपल्यांचा काही मीटर रुंदीचा पट्टा आहे. एकमेकांना खेटून, धाग्यांनी चिकटून बसलेले असंख्य शिंपले. कोकणात आणि गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्याच कुळातले. यांचं शास्त्रीय नाव गिगँटिडस चाइल्ड्रेसी.

इतक्या खोलवर सूर्यप्रकाश नाही, म्हणजे वनस्पती नाहीत, शेवाळ नाही. वरून पडेल तो चुरा खाऊन एवढी दाट वस्ती पोसली जाणं शक्य नाही. हे शिंपले जगतात ते तळातून झिरपणाऱ्या मिथेन वायूवर. त्यांच्या कल्ल्यांमध्ये जिवाणू राहतात. ते मिथेनपासून ऊर्जा मिळवतात आणि त्यावर स्वतःसकट यजमानाचंही पोट भरतात.

अशा जागांना मिथेनचे पाझर म्हणू या. गडबड अशी की पाझर ही छोटी जागा असते. काही मीटर, फार तर काहीशे मीटर. तिच्या पलीकडे नुसता चिखल, आणि त्यात हे शिंपले जगू शकत नाहीत. पुढचा पाझर दहा किलोमीटरवर असेल किंवा पाचशे. शिवाय पाझर कायमचे नसतात. वायू वाट बदलतो, तळाच्या भेगा बुजतात आणि वस्ती मरते. तरीही शेकडो किलोमीटर अंतरावरच्या पाझरांवर तीच जात सापडते. एकदा चिकटून बसलेला मोठा शिंपला एवढा पल्ला गाठू शकत नाही. म्हणजे सगळा प्रवास बालपणातच उरकलेला असणार. हे बालपण कुठे जातं, किती दिवस टिकतं आणि त्यातून कोण कुठे पोचतं, हे शोधणं खोल समुद्राच्या विज्ञानातल्या अतिशय अवघड कामांपैकी एक आहे.

पाझर म्हणजे नेमकं काय

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळावर उष्णजलाची मुखं, म्हणजे गरम पाणी बाहेर टाकणाऱ्या भेगा, आणि त्यांच्याभोवतीची प्राणिवस्ती सापडली. त्यानंतर काही वर्षांनी फ्लोरिडाच्या पश्चिमेला, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, आल्विन या पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांना तशीच वस्ती दिसली. पण इथे पाणी गरम नव्हतं. चार्ल्स पॉल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली हा शोध प्रसिद्ध केला आणि थंड पाझरांचा अभ्यास सुरू झाला.

या जागांचं रसायनशास्त्र थोडक्यात असं. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांपासून मिथेन तयार होतो आणि भेगांतून वर सरकतो. तळाच्या जरा खाली, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथे दोन प्रकारचे सूक्ष्मजीव जोडीने काम करतात. एक मिथेन फोडतो, दुसरा समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतो. या देवघेवीतून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो आणि चुनखडीसारखा खडकही तयार होतो. मिथेन आणि सल्फाइड हे दोन्ही वायू वेगवेगळ्या जिवाणूंचं अन्न आहेत. ते जिवाणू अंगात बाळगणारे शिंपले आणि नळीकृमी त्या खडकावर वस्ती करतात.

बारा दिवसांचं कवच

या शिंपल्यांत नर आणि मादी वेगळे असतात आणि दोघंही आपापलं बीज सरळ पाण्यात सोडतात. अंड्याचा व्यास साधारण ७० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. या आकड्यातच पुढच्या कथेचं बीज आहे. अंडं एवढं लहान म्हणजे त्यात शिदोरी कमी. त्यातून निघणाऱ्या पिल्लाला, म्हणजे डिंभकाला, लवकरच स्वतःचं अन्न शोधावं लागणार.

ओरेगन विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतले क्रेग यंग आणि त्यांची तेव्हाची विद्यार्थिनी शॉन अरेलानो यांनी हे बालपण प्रयोगशाळेत पाहायचं ठरवलं. खोल समुद्रातून जिवंत वर आणलेले शिंपले थंड पाण्यात ठेवायचे, स्नायूत सिरोटोनिन नावाचं रसायन टोचायचं, मग ते बीज सोडतात. फलित अंडी थंड भांड्यांत ठेवून एकेका विभाजनाची वाट पाहायची. वरवरच्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या मानाने इथे सगळं संथ चालतं, कारण थंडीत जीवनक्रियाच मंदावतात. साधारण बाराव्या दिवशी डिंभकावर इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचं पारदर्शक कवच दिसू लागलं, तेही काही न खाता. २००९ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यात आणखी एक हिशोब होता. हे शिंपले बीज कोणत्या ऋतूत सोडतात ते माहीत होतं. पाझरावर नुकतीच बसलेली पिल्लं कोणत्या महिन्यात केवढी असतात तेही मोजता आलं. दोन्ही ताडून पाहिल्यावर असं दिसलं की डिंभक पाण्यात वर्षाहून अधिक काळ काढतात.

अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान प्राणी वर्षभर पाण्यात तरंगतो, आणि त्याच्या कल्ल्यांत अजून जिवाणू नाहीत. ते त्याला मिळणार पाझरावर पोचल्यानंतर, आजूबाजूच्या पाण्यातून. तोवर खायचं काय? आणि खाणं असतं कुठे?

वर, उजेडाच्या दिशेने

समुद्रात बारीक शेवाळाचं भरपूर अन्न असतं ते उजेड पोचतो तिथे, म्हणजे वरच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये. डिंभक तिथवर जात असतील का, असं विचारणं तेव्हा अनेकांना धाडसाचं वाटलं असणार. खोल पाण्यातला प्राणी, थंडीला आणि दाबाला सरावलेला, उबदार पाण्यात कसा टिकेल?

अरेलानो आणि यंग यांनी आधी सहनशक्ती तपासली. भ्रूण १५ अंशांपर्यंतच्या पाण्यात नीट वाढले. वयाने थोडे मोठे डिंभक त्याहून उबदार पाण्यातही तग धरून राहिले. म्हणजे वय वाढतं तशी वर जाण्याची ताकद येते. मग आखातातल्या पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर जाळी ओढण्यात आली. यासाठी मॉकनेस नावाचं उपकरण असतं. एका चौकटीवर एकामागे एक अनेक जाळी, आणि जहाजावरून आज्ञा दिली की ठरलेल्या खोलीला एक बंद होऊन दुसरं उघडतं. त्यामुळे कोणता जीव कोणत्या थरातून आला हे सांगता येतं.

जाळी वर आली की खरं काम सुरू होतं. थंड खोलीत बसून, सूक्ष्मदर्शकाखाली, बशीभर पाण्यातून एकेक जीव पिपेटने वेगळा करायचा. बहुतेक सगळे असतात कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे अगदी बारीक नातेवाईक. त्यांच्या गर्दीत एखादा कवचवाला डिंभक. तोही कोणाचा? आखातात शेकडो जातींचे शिंपले आहेत आणि बालपणी सगळे सारखेच दिसतात. म्हणून डीएनए तपासला. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. पाझरावरचा हा शिंपला आणि त्याच्याच वस्तीत राहणारी बॅथिनेरिटा नॅटिकॉइडिया नावाची गोगलगाय, दोघांचेही डिंभक समुद्राच्या वरच्या शंभर मीटरमध्ये सापडले. ही गोगलगाय आपल्या अंड्यांच्या पिशव्या शिंपल्यांच्या पाठीवर चिकटवते, म्हणजे तिची पिल्लंही निघतात त्याच काळोखातून.

मला हा शोध फार मोठा वाटतो. खोल समुद्र आणि वरचा समुद्र ही दोन वेगळी जगं आहेत असं आपण गृहीत धरून चालतो. नकाशे वेगळे, कायदे वेगळे, अभ्यासकही बरेचदा वेगळे. आणि इथे अर्ध्या मिलिमीटरचा एक जीव दोन्हींचा रहिवासी निघाला.

खोलीचा हिशोब

रुईची म्हातारी वाऱ्यावर जाते तसे डिंभक प्रवाहावर वाहतात. पण म्हातारीला उंची निवडता येत नाही, डिंभकाला येते. आडवं पोहून त्याला कुठेच पोचता येणार नाही, मात्र अंगावरच्या हलत्या केसांनी तो वर-खाली सरकू शकतो. समजा, सेकंदाला अर्धा मिलिमीटर एवढीच त्याची गती. तरी ६५० मीटर चढायला साधारण पंधरा दिवस लागतात. वर्षभराच्या आयुष्यात हे परवडण्यासारखं आहे.

आता फरक बघा. तळाजवळचा प्रवाह सेकंदाला तीन सेंटिमीटर धरला, तर दिवसाला अडीच किलोमीटरच्या आसपास अंतर होतं. तेही एका दिशेने राहिला तर. प्रत्यक्षात भरती-ओहोटीच्या हेलकाव्यांत तो बराचसा पुढे-मागेच होतो. उलट मेक्सिकोच्या आखातातला लूप करंट युकातान द्वीपकल्पाच्या बाजूने आत शिरतो, वळसा घेतो आणि फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडून गल्फ स्ट्रीमला मिळतो. त्याचा वरचा भाग सेकंदाला एक मीटरहून जोरात वाहू शकतो. म्हणजे दिवसाला ८६ किलोमीटर. एकाच पाझरावर, एकाच रात्री जन्मलेली दोन भावंडं, एक तळाशी राहिलं आणि एक वर गेलं, तर महिन्याभरात त्यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर पडू शकतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला नॉरफोक आणि बाल्टिमोर या समुद्री दऱ्यांजवळच्या पाझरांवर हाच गिगँटिडस चाइल्ड्रेसी सापडतो. २०१४ मध्ये त्या किनारपट्टीवर वायूचे बुडबुडे सोडणाऱ्या ५०० हून अधिक जागा असल्याचं प्रसिद्ध झालं, तोवर तिथे इतके पाझर असतील अशी कल्पनाही नव्हती. गल्फ स्ट्रीमचा रस्ता नकाशावर बोटाने धरत गेलात तर आखात आणि ही किनारपट्टी जोडली जाताना दिसतात.

सगळेच प्राणी असे वर जात नाहीत, हेही सांगायला हवं. याच आखातात लॅमेलिब्रेकिया नावाचे नळीकृमी आहेत. दोन मीटर लांब, तोंड नाही, आतडं नाही, आणि वय दोनशे वर्षांच्या पुढे जाऊ शकतं. यंग आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली त्यांच्या भ्रूणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे डिंभक खात नाहीत, अंड्यातल्या शिदोरीवरच दिवस काढतात. उष्णजलाच्या मुखांवर राहणाऱ्या त्यांच्या चुलतभावंडांवर, रिफ्टियावर, २००१ साली असाच प्रयोग झाला. तळाइतक्याच थंडीत आणि दाबाखाली डिंभक ठेवले तर शिदोरी सरासरी ३८ दिवस पुरते, आणि तिथल्या प्रवाहांत एवढ्या दिवसांत शंभर किलोमीटरपलीकडे जाणं क्वचितच जमतं. म्हणजे एकाच पाझरावरच्या दोन शेजाऱ्यांचं जग किती मोठं आहे, हे त्यांच्या अंड्यात किती शिदोरी आहे आणि पिल्लू कोणत्या थरात राहतं यावर ठरतं.

एका डिंभकाचा माग

तळाजवळचे डिंभक पकडणं सर्वांत कठीण. संख्या विरळ असते आणि जहाजातून दोरीने ओढलेलं जाळं समुद्रतळाच्या उंचसखल भागाजवळ नेणं धोक्याचं. यासाठी वूड्स होल संशोधन संस्थेच्या सेंट्री या स्वयंचलित पाणबुडीला दोन्ही बाजूंनी गाळणीच्या नळ्या जोडल्या गेल्या. या यंत्रणेला सिप्रिड म्हणतात. सेंट्री ६,००० मीटरपर्यंत उतरते, तळापासून ठरावीक उंची राखत सावकाश फिरते आणि पाणी आत ओढून गाळत जाते. पाणी हळुवार आत येत असल्यामुळे डिंभक फाटत नाहीत, अनेकदा धडधाकट वर येतात. ज्यांना पोहण्याचे प्रयोग करायचे आहेत त्यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

पण माझ्या मते सगळ्यात सुंदर पुरावा पकडलेल्या डिंभकात नसतो, पोचलेल्या पिल्लाच्या कवचात असतो. शिंपला वाढताना जुनं कवच टाकत नाही, त्याच्या कडेला नवं जोडत जातो. त्यामुळे कोवळ्या शिंपल्याच्या अगदी टोकाशी, बिजागरीजवळ, त्याचं डिंभकपणीचं कवच तसंच शाबूत असतं. मोठ्या भिंगाखाली त्यात दोन भाग दिसतात. मधला छोटा ठिपका अंड्यातल्या शिदोरीवर बनलेला, आणि त्याभोवतीच्या बारीक वर्तुळरेषा खात-पीत वाढतानाच्या. मधला ठिपका लहान आणि भोवतीचा भाग मोठा असेल, तर पिल्लाने दीर्घकाळ खात प्रवास केला हे न सांगता कळतं.

याच कवचात पत्ताही नोंदलेला असू शकतो. कवच बनताना पाण्यातली मँगनीज, बेरियम, शिसं यांसारखी मूलद्रव्यं किंचित प्रमाणात त्यात अडकतात, आणि हे प्रमाण जागेप्रमाणे व तापमानाप्रमाणे बदलतं. लेसरचा बारीक किरण टाकून कवचाचा सूक्ष्म कण उडवायचा आणि त्याची रासायनिक तपासणी करायची. मधल्या ठिपक्यातून आईच्या पाझराचा सुगावा लागतो, बाहेरच्या वर्तुळांतून वाटेतल्या पाण्याचा. हे वाचन सोपं नाही. वेगवेगळ्या पाझरांची रासायनिक ओळख आधी पक्की करावी लागते, आणि दोन पाझर सारखेच निघाले तर माग तिथेच थांबतो.

दुसरी वाट संगणकाची. महासागराचं प्रतिरूप तयार करून त्यात हजारो कल्पित डिंभक सोडायचे. अमुक पाझर, अमुक महिना, अमुक खोली, इतके दिवस. मग ते कुठे पोचतात ते बघायचं. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी चाइल्ड्रेसीसाठी असं काम केलं आणि २०१७ साली प्रसिद्ध केलं. डिंभक वर जातो की खालीच राहतो आणि किती खोलीवर वाहतो, याचा परिणाम प्रवासावर होतो हे त्यांनी तपासलं. इथेच प्रयोगशाळेतल्या त्या भांड्यांचं महत्त्व लक्षात येतं. प्रतिरूप कितीही बारीक असो, डिंभक किती दिवस जगतो आणि कुठवर चढतो हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगता येतं फक्त जिवंत डिंभक पाहूनच.

जनुकांचं काय? आखातातल्या दूरदूरच्या पाझरांवरचे हे शिंपले जनुकीयदृष्ट्या बरेच सारखे आढळले आहेत. यावरून घाईने असं म्हणू नये की दरवर्षी तिथून इथे पिल्लं येतात. दोन वस्त्यांतले जनुक सारखे राहायला पिढीमागे मोजके पाहुणे पुरतात. पण उजाड झालेला पाझर पुन्हा भरायचा तर हजारो पिल्लं लागतात. जनुकं नात्याचा इतिहास सांगतात, मनुष्यबळाचा हिशोब देत नाहीत. म्हणून कवच, जाळी आणि प्रतिरूप हे सगळं एकत्र लागतं.

तेल, हायड्रेट आणि बंगालचा उपसागर

मेक्सिकोच्या आखातात पाझर आहेत आणि तेलविहिरीही आहेत. हा योगायोग नाही, दोन्हींचं मूळ तळाखालच्या हायड्रोकार्बनमध्येच आहे. पाझरावरच्या वस्त्यांपासून ठरावीक अंतर राखूनच विहीर खोदायची, असे नियम तिथे आहेत. पण हे अंतर मोजलं जातं तळावर. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला आणि जुलैच्या मध्यापर्यंत तेल वाहत राहिलं. त्यातलं पुष्कळ पृष्ठभागावर पसरलं. वर्षाहून अधिक काळ पाण्यात राहणाऱ्या पिल्लांची एक पिढी त्या महिन्यांत वाहत असणार, आणि त्यातली काही वरच्या थरात. पाझर तेलापासून दूर असला तरी त्याची मुलं दूर असतीलच असं नाही, हे आता आपल्याला माहीत आहे.

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागरात, गाळाखाली मिथेन हायड्रेट म्हणजे बर्फासारख्या घन रूपात अडकलेला मिथेन आहे. २००६ आणि २०१५ च्या राष्ट्रीय मोहिमांत तिथे खोदून पाहणी झाली. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच भागात, सुमारे पावणेदोन किलोमीटर खोलीवर, भारताच्या हद्दीतला पहिला सक्रिय पाझर आणि त्यावरची प्राणिवस्ती शोधली आणि २०१९ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. उद्या हायड्रेटमधून वायू काढायचा झाला, तर या वस्तीची पिल्लं कुठून येतात आणि कुठे जातात, हे आधी कळायला हवं.

आणि आखातातलं उत्तर इथे उचलून लावता येणार नाही. भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. मार्च-एप्रिलच्या सुमाराला तो उत्तरेकडे वाहतो, नोव्हेंबरच्या सुमाराला दक्षिणेकडे. म्हणजे बीज कोणत्या महिन्यात सुटतं यावर पिल्लं बंगालकडे जातात की श्रीलंकेकडे, हे ठरू शकतं. पावसाळ्यानंतर गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि गोदावरीच्या पाण्याने उपसागराच्या वर कमी खाऱ्या पाण्याचा थर पसरतो. शंभर मीटरच्या खाली कित्येकशे मीटर जाडीचा थर असा आहे की त्यात ऑक्सिजन अगदी कमी. तळातून निघालेल्या डिंभकाला वर यायचं तर हा थर ओलांडावा लागेल, आणि त्यापुढे २८ अंशांचं उबदार, कमी खारं पाणी. इथल्या पाझराचे डिंभक तिथवर चढतात की मधेच थांबतात, हे ठरवायला ऋतूनुसार, थरानुसार जाळी टाकावी लागतील, आणि पाझरावरच्या कोवळ्या शिंपल्यांच्या कवचाची टोकं भिंगाखाली ठेवावी लागतील. ते काम करू शकणारी जहाजं आणि माणसं दोना पावल्यात आहेत.